छोट्यांचा दिनक्रम बसतो कसा, मोडतो कुठे

जानेवारीतली सकाळ. सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत सात वाजून गेले तरी धुक्यामुळे समोरचा ब्लॉक दिसत नाही. गिझर तापला आहे, डबा भरून झाला आहे, खाली शाळेच्या व्हॅनचा हॉर्न दोनदा वाजून गेला आहे आणि चार वर्षांचे चिरंजीव मात्र रजईत तोंड खुपसून पडले आहेत. आई एका हाताने त्याच्या पायात मोजे चढवते, दुसऱ्या हाताने दुधाचा पेला तोंडाशी धरते. दूध सांडते. स्वेटर बदलावा लागतो. 'अजून झालं नाही का तुमचं?' असे वडील आतून विचारतात आणि त्या एका प्रश्नावरून जी कुरबुर सुरू होते, ती दोघांच्या ऑफिसपर्यंत पुरते. मूल रडतरडत व्हॅनमध्ये बसते. ते शौचाला गेलेलेच नाही हे आईला आठवते तेव्हा व्हॅन वळणावरून दिसेनाशी झालेली असते.

अशा घरात त्या संध्याकाळी हमखास ठराव होतो, 'उद्यापासून याला लवकर उठवायचं.' दुसऱ्या दिवशी मूल पंधरा मिनिटे आधी उठवले जाते आणि पंधरा मिनिटे जास्त रडते. कारण सकाळचा हा गोंधळ सकाळी सुरू झालेलाच नसतो. आदल्या रात्री साडेदहा वाजता टीव्ही चालू होता, फोनवर कार्टून चालू होते, जेवण नुकतेच आटोपले होते आणि 'झोप आली नाही' म्हणून मूल पलंगावर उड्या मारत होते, तेव्हाच तो सुरू झालेला असतो.

मुलांचा दिनक्रम बसवायचा म्हणजे सकाळ सुधारायची, असे बहुतेक आईवडिलांना वाटते. सुधारावी लागते ती संध्याकाळ, आणि त्यातही आधी मोठ्यांची.

ऑफिसच्या घड्याळाची वसाहत

सरोजिनी नगरात वाढणारी मुले आणि घड्याळ यांचे नाते जरा वेगळे आहे. १९५० च्या दशकात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ही वसाहत उभी राहिली. या भागाचे जुने नाव विनय नगर. शेजारीच झाशीच्या राणीच्या नावाचे लक्ष्मीबाई नगर, पलीकडे नेताजी नगर, किदवई नगर. घर कुठल्या प्रकारचे मिळणार हे वेतनश्रेणीवर, कधी मिळणार हे यादीवर आणि कधी सोडायचे हे बदलीवर किंवा निवृत्तीवर ठरणार. केंद्रीय कार्यालयांत १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आला. शनिवारची सुट्टी मिळाली, पण रोजचा दिवस लांबला. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, हा साचा दिल्लीतल्या कितीतरी घरांचा दिवस ठरवत आला आहे.

म्हणजे घरातल्या मोठ्यांचे सगळे वेळेवर चाललेले असते. हजेरी वेळेवर, बस किंवा मेट्रो वेळेवर. फक्त मुलाचे खाणे, झोपणे, खेळणे या वेळापत्रकाच्या उरलेल्या फटींत कोंबले जाते. त्यात कुटुंब महाराष्ट्रातून आलेले असेल तर आजी पुण्याला, आत्या नागपूरला आणि घरात माणसे तीनच. संध्याकाळी साडेसहा-सातला दमून आलेल्या आईला स्वयंपाक करायचा असतो, वडिलांना जरा टेकायचे असते, आणि दिवसभर आईबापांची वाट पाहिलेल्या मुलाला आता कुठे दिवस सुरू झाल्यासारखे वाटत असते.

म्हणून 'मुलाला साडेआठला झोपवा' असा सल्ला देणे सोपे आहे आणि ऐकणाऱ्या आईला तो काहीसा क्रूरही वाटू शकतो. दिवसभर जे मूल दिसले नाही, ते दीड तासात झोपवून टाकायचे? या प्रश्नाला बगल देऊन दिनक्रमावर कितीही लिहिले तरी ते घरात टिकत नाही.

हिशेब झोपेपासून

आधी आकडे पाहावेत. अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली मुलांच्या झोपेची प्रमाणे प्रसिद्ध केली. दुपारच्या झोपेसह धरून १ ते २ वर्षांच्या मुलाला २४ तासांत ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. आता वरच्या चिरंजीवांचा हिशेब करू. ते दुपारी एक तास झोपतात आणि त्यांना एकूण साडेअकरा तास लागतात असे धरले, तर रात्रीचे साडेदहा तास उरतात. पावणेसातला उठायचे असेल तर सव्वाआठला झोप लागलेली हवी. ते झोपतात साडेदहाला. म्हणजे रोज दोन तासांहून जास्त तूट. मोठा माणूस झोप कमी झाली की पेंगतो. लहान मूल मात्र उलट चेकाळते, हट्ट करते, क्षुल्लक गोष्टीवर भोकाड पसरते. रात्री दहाला घरभर धावणारे मूल 'अजून ताजेतवाने आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते अतिशय दमलेले असते.

ही तूट भरायची तर झोपण्याची वेळ एकदम दोन तास मागे ओढून उपयोग नाही. मूल अंधारात डोळे उघडे ठेवून पडेल आणि पलंग ही भांडणाची जागा होऊन बसेल. आधी उठण्याची वेळ पक्की करावी आणि ती सुट्टीच्या दिवशीही फार तर अर्ध्या तासाने हलवावी. उठल्यावर पडदे उघडावेत, मुलाला गॅलरीत किंवा खिडकीशी आणावे. शरीरातले घड्याळ सकाळच्या उजेडाने लागते. मग रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. दोन तास मागे यायला अडीच-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही असे वाटेल. तेव्हा सोडून देऊ नये.

आता तो दीड तासाचा प्रश्न. रात्री नऊ ते साडेदहा हा वेळ आईवडील मुलाबरोबर घालवतात असे म्हणतात खरे, पण त्या वेळात नेमके काय होते ते एकदा पाहावे. आई ओटा आवरते आहे, वडिलांच्या हातात फोन आहे, मूल टीव्हीसमोर आहे आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी 'झोप आता' असे ओरडते आहे. हा सहवास म्हणायचा का? पुरेशी झोप झालेले मूल पावणेसातला, कधी साडेसहालाही, आपले आपण उठते. तेव्हा ते रडत नाही, बोलत असते. जो वेळ रात्री दमलेला होता, तो सकाळी ताजा होऊन परत मिळतो. संध्याकाळचे जे साडेसहा ते सव्वाआठ हातात आहेत, त्यांत मात्र काटछाट करावी लागेल, ती घरकामात. भाजी सकाळीच चिरून ठेवावी, कणीक मळून ठेवावी, रात्री मुलासाठी वरणभात, खिचडी, मेतकूटभात यांतले काहीही चालते. चार पदार्थांचा स्वयंपाक मूल झोपल्यावर मोठ्यांसाठी करायचा तर करावा. आणि फोन दाराजवळच्या फडताळात ठेवावा, दोघांचाही.

घड्याळ नव्हे, ओळखीचा क्रम

तीन वर्षांच्या मुलाला 'सव्वाआठ' कळत नाही. त्याला 'कशानंतर काय' हे मात्र पक्के कळते. गोष्टीतले एक वाक्य गाळले तरी ते लगेच पकडते, उजव्या पायाआधी डाव्या पायात बूट घातला तर चिडते. मारिया माँटेसोरी यांनी लहान वयातल्या या क्रमाच्या ओढीवर फार भर दिला होता. मोठ्यांना जो हट्ट वाटतो तो पुष्कळदा मुलाचे जग अचानक वाकडे झाल्याचा गोंधळ असतो.

याचा उपयोग करून घ्यावा. जेवण, मग दात घासणे, मग शू, मग कपडे बदलणे, मग दिवा मंद, मग गोष्ट किंवा अंगाई. रोज हाच क्रम, याच खोलीत, शक्यतो पाऊण तासाच्या आत. एखाद्या दिवशी पाहुण्यांमुळे वेळ पुढे गेली तरी क्रम मोडू नये, फार तर गोष्ट लहान करावी. २००९ साली अमेरिकेत ४०५ माता आणि त्यांच्या ७ ते ३६ महिन्यांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात रात्रीसाठी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. अंघोळ, अंगाला हलके चोळणे आणि एखादी शांत गोष्ट, मग अर्ध्या तासात दिवा बंद. दोनच आठवड्यांत मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली आणि मातांची स्वतःची मनःस्थितीही सुधारली. पुढे २०१५ साली १४ देशांतील दहा हजारांहून अधिक मातांच्या माहितीवरून असेच दिसले, की आठवड्यातले जितके जास्त दिवस हा क्रम पाळला जातो, तितकी मुलांची झोप चांगली.

तेल, अंघोळ आणि अंगाई ही त्रयी वाचून आपल्याकडच्या आज्यांना हसू येईल. आपण ती सकाळी करतो एवढेच. दिल्लीच्या थंडीत रात्री अंघोळ घालण्याची गरजही नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने हातपाय पुसून थोडे तेल चोळले तरी मुलाला तो इशारा पुरतो.

खरे तर क्रमावर चालणारी बालशिक्षणाची वाट मराठी माणसांनी फार पूर्वीच चोखाळली आहे. दिल्लीच्या कुठल्याही वस्तीत आज 'अंगणवाडी' हा शब्द ऐकू येतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला, पण तो रुजवला ताराबाई मोडकांनी. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी बालवाडीचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. वस्तीतली मुले ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येईनात, तेव्हा या बायकांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिकवण्याआधी हात, तोंड, नखे, केस यांची स्वच्छता, मग गाणी आणि खेळ. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर काम गेले, तेव्हाही आदिवासी मुलांचे रोजचे जगणे पाहून शाळा आखली गेली. ज्या मुलाच्या घरी घड्याळ नव्हते, त्यालाही क्रम लागला. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आणि भिंतीवर घड्याळ असताना तो न लागण्याचे कारण जागा हे खचितच नाही.

दिल्लीचा सूर्य

महाराष्ट्रातून दिल्लीला आलेल्या आईला एक गोष्ट कोणी सांगत नाही. इथला दिवस आपल्याकडच्यासारखा वर्षभर साधारण सारखा राहत नाही. जूनअखेरीस दिल्लीत पहाटे साडेपाचच्या आत सूर्य उगवतो आणि संध्याकाळी सव्वासात होऊन गेल्यावर मावळतो. पावणेआठपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात तोच सूर्य साडेपाचच्या आत मावळतो आणि जानेवारीत सव्वासात वाजेपर्यंत उगवत नाही. मुंबईत जूनचा आणि डिसेंबरचा दिवस यांत सव्वादोन तासांचा फरक पडतो, दिल्लीत तो साडेतीन तासांहून जास्त आहे.

आपल्या घरांतून दिवेलागण ही मुलांच्या दिवसाची मोठी खूण होती. दिवे लागले की खेळ थांबला, हातपाय धुतले, पाटावर बसले. ही खूण फार शहाणपणाची आहे, पण दिल्लीत ती सूर्यावर सोडून चालत नाही. जूनमध्ये पावणेआठला बाहेर लख्ख असताना 'रात्र झाली' हे मूल कसे मानेल? तेव्हा उन्हाळ्यात साडेसातला जाड पडदे ओढून घरातच दिवेलागण करावी, मोठा दिवा बंद करून छोटा लावावा. उजेड कमी झाला की झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात वाढू लागते. टीव्ही आणि फोनचा प्रकाश ते रोखून धरतो, म्हणून झोपण्यापूर्वीचा निदान एक तास तो नको. हिवाळ्यात अडचण सकाळची. तेव्हा मुलाला अंधारातच उठवावे लागते. उठवण्याआधी दहा मिनिटे खोलीतला दिवा लावावा, कपडे आत उबेला ठेवावेत आणि मुलाला एकदम रजईतून ओढून काढू नये.

खेळण्याची वेळही ऋतूप्रमाणे फिरते. मे-जूनमध्ये संध्याकाळी सहाआधी मैदानात सोडण्यात अर्थ नाही, डिसेंबरात साडेचार ते साडेपाच हाच काय तो वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की ३-४ वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यांतली ६० मिनिटे धावणे-उड्या मारणे अशी दमवणारी असावी, आणि पडद्यासमोर बसणे एका तासाहून जास्त नसावे. एक वर्षाच्या आतील बाळाला तर पडदा दाखवूच नये. मूल पाळणाघरात असेल तर तिथे ते दिवसा कितीदा बाहेर जाते, हे विचारून घ्यावे. आपण फीविषयी आणि डब्याविषयी विचारतो, हे विचारत नाही.

खाणे, दूध आणि शौच

या बाबतीत मराठी आणि दिल्लीकर दोन्ही घरांत एक खोड सारखी आहे. मूल जेवत नाही म्हणून दूध पाजायचे आणि दूध प्यायल्यामुळे ते जेवत नाही. दोन वर्षांनंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास दूध पुरे. त्याहून जास्त झाले की भूक मरते आणि मुलांच्या शरीरात लोह कमी पडू लागते. लहान मुलाचे पोट लहान असते, त्याला तीन जेवणे आणि मध्ये दोन छोटी खाणी असा क्रम मानवतो. मधल्या काळात बिस्किटे, फरसाण, टॉफी चालू राहिली तर ताटावर बसल्यावर त्याने तोंड वाकडे करणे साहजिकच आहे. काय वाढायचे आणि कधी वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलावर सोडावे. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलावे. घास घेऊन मागे धावण्याचा कार्यक्रम आजपासून बंद.

दिल्लीत रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला घेण्याची रीत आहे. मोठ्यांनी ती पाळावी, पण मुलाचे जेवण साडेसातला आटोपावे. आईवडिलांपैकी एकाने त्याच्यासोबत दोन घास खाल्ले तरी त्याला पंगत मिळाल्यासारखे वाटते.

शौचाची सवय लावण्यासाठी निसर्गानेच वेळ ठरवून दिली आहे. पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल वाढते. म्हणून सकाळी दूध किंवा नाश्ता झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मुलाला बसवावे, पाच-सात मिनिटे, घाई न करता. पाय लटकत असतील तर खाली छोटे स्टूल ठेवावे. झाले तर झाले. व्हॅनच्या दोन मिनिटे आधी नाश्ता भरवला तर ही वेळ व्हॅनमध्येच येते आणि मूल ती दाबून धरायला शिकते. मुलांमधल्या बद्धकोष्ठाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. रात्री अंथरूण ओले करणे मात्र पाच वर्षांपर्यंत सर्रास दिसते, त्यावरून मुलाला पाहुण्यांसमोर लाजवू नये.

दात सकाळी घासले जातात, रात्री राहतात. वास्तविक रात्रीचे अधिक महत्त्वाचे. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ब्रश शेवटी आईने किंवा बाबांनी एकदा फिरवावा. दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात, तेव्हा दूध दात घासण्याच्या आधी.

सांभाळणारे अनेक

एका मुलाला सकाळी आई, दिवसा पाळणाघर किंवा कामाला येणारी बाई, संध्याकाळी बाबा आणि हिवाळ्यानंतर दोन-तीन महिने गावाहून आलेली आजी सांभाळते. प्रत्येकाचा नियम वेगळा असला की मूल लवकरच वकील बनते. 'आजी देते', 'बाबांनी सांगितलं' ही वाक्ये त्याच्या तोंडी येतात आणि भांडण मोठ्यांत लागते.

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९५४ पासून काम करणारी गृह कल्याण केंद्र ही संस्था वसाहतींमधून पाळणाघरे आणि बालवाड्या चालवत आली आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पाळणाघर निवडताना तिथल्या दुपारच्या झोपेची वेळ आवर्जून विचारावी. एक ते अडीच झोपणारे मूल रात्री साडेआठला झोपते, साडेतीन ते साडेपाच झोपणारे दहापर्यंत जागते. मग घरी कितीही गोष्टी सांगा. दुपारी चारनंतर झोपू देऊ नये, एवढी एक विनंती पाळणाघरातल्या ताईंना करता येते.

आजीच्या बाबतीत सुनेने जरा धीर धरावा. आजी नातवाला भरवते, कडेवर घेते, रात्री उशिरापर्यंत रामायण सांगते. तिला नियमांची यादी हातात दिली तर ती दुखावते आणि यादी जाते केराच्या टोपलीत. त्याऐवजी क्रमातला एक तुकडा पूर्णपणे तिच्या हवाली करावा. साडेसातचे जेवण आणि आठची गोष्ट आजीची. 'आई, तुमच्या गोष्टीशिवाय तो झोपतच नाही' असे म्हटल्यावर आठ वाजता आजी स्वतःच टीव्ही बंद करते.

वडिलांचे काय? केंद्रीय सेवेतील स्त्रीला मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पहिल्या दोन अपत्यांसाठी एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा २००८ पासून मिळते, प्रसूतीची रजा १८० दिवसांची. पुरुषाला पितृत्व रजा १५ दिवसांची. या आकड्यांतच समाजाने कुणाकडून काय अपेक्षा ठेवली आहे ते लिहिलेले आहे. पण रात्रीचे दात घासणे, कपडे बदलणे आणि गोष्ट सांगणे यांसाठी रजेचा अर्ज लागत नाही. ज्या घरात रात्रीचा क्रम बाबांचा असतो, तिथे आईला स्वयंपाकघर शांतपणे आवरता येते आणि आई एखाद्या दिवशी नसली तरी मूल झोपते.

घडी मोडते तेव्हा

बसवलेला क्रम दिल्लीत वर्षातून तीन-चारदा हमखास मोडतो. नोव्हेंबरात हवा विषारी झाली की शाळा बंद होतात किंवा वर्ग घरून घेतले जातात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तसे झाले. जानेवारीत थंडीची सुट्टी, मेमध्ये महाराष्ट्रातल्या घरी मुक्काम. अशा वेळी सगळे धरून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. तीनच खुंट्या पक्क्या ठेवाव्यात: उठण्याची वेळ, दुपारचे जेवण आणि झोपण्यापूर्वीचा क्रम. मधले सैल सुटले तरी चालते. प्रदूषणाच्या दिवसांत मैदान बंद असेल तर घरात गादी टाकून कोलांट्या, उशांचा डोंगर, गाण्यावर नाच असे दमवणारे काहीतरी दोनदा व्हायलाच हवे, नाहीतर रात्री झोप येत नाही. मामाच्या गावाहून परतल्यावर आठवडाभर मूल उशिरा झोपेल. त्याला त्यावरून बोलू नये, पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे यावे.

सरोजिनी नगरच्या मुलांनी याहून मोठी मोडतोड पाहिली आहे. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली आणि त्यांत सरोजिनी नगर होते. जुनी बैठी-दुमजली क्वार्टर्स रिकामी झाली, कुटुंबे इतर वसाहतींत विखुरली. २०१८ मध्ये झाडे तोडण्याविरुद्ध नागरिक रस्त्यावर आले, उच्च न्यायालयाने तोड थांबवली. मोठ्यांच्या दृष्टीने हा जागेचा, झाडांचा, भाड्याचा प्रश्न होता. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने एके दिवशी खालचा कडुलिंब, झोका, शेजारच्या काकू आणि संध्याकाळी हाक मारणारा मित्र हे सगळे एकदम नाहीसे झाले. ३ जानेवारी २०२५ रोजी इथल्या टाइप दोनच्या नव्या घरांचे उद्घाटन झाले, २८ मनोरे आणि अडीच हजारांहून अधिक घरे. नव्या घरात लिफ्ट आहे. पण चार वर्षांचे मूल लिफ्टने एकटे खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे पूर्वी जे खेळणे दार उघडले की सुरू होई, त्याला आता मोठ्या माणसाची सोबत आणि ठरवलेली वेळ लागते.

बदली असो वा नवे घर, सामान लावताना पहिल्या दिवशी मुलाच्या झोपण्याची जागा लावावी, मग दिवाणखाना. तीच चादर, तीच उशी, तेच गोष्टीचे पुस्तक, आणि क्रम तोच. जेवण, दात, शू, कपडे, दिवा, गोष्ट. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत मोबाइल क्रेश ही संस्था सुरू केली. तिथे तर घरच फिरते असते, काम संपले की वस्ती हलते. तरीही त्या पाळणाघरांतून मुलांच्या खाण्या-झोपण्याला आणि खेळाला वेळा असतात, आणि आई विटा वाहत असताना मूल पोटभर जेवून झोपलेले असते. ज्यांच्याकडे भिंतीसुद्धा कायमच्या नाहीत, त्यांच्या मुलांनाही हे देता येते.

ज्या घरात अजून काहीच सुरू झालेले नाही, त्यांनी सगळे एकदम हाती घेऊ नये. पहिल्या आठवड्यात फक्त उठण्याची वेळ आणि रात्रीची गोष्ट एवढेच. दप्तर, बूट आणि स्वेटर रात्रीच दाराशी ठेवण्याचे काम मुलाला द्यावे, चार वर्षांच्या मुलाला ते उत्तम जमते आणि अभिमानही वाटतो. सुरुवातीला सोमवार बरा. त्या दिवशी सरोजिनी नगरचा बाजार बंद असतो, त्यामुळे संध्याकाळी 'जरा खाली जाऊन येऊ' म्हणायला घरातल्या मोठ्यांनाही निमित्त उरत नाही.